आत्यांचं गोड आणि माझी डावीकडची जागा

बेंबीच्या डावीकडे चार बोटं सरकलं की माझ्या पोटावर एक जागा आहे. तिथं सुई टोचली तरी मला कळत नाही. ज्यांना दर दोन-तीन दिवसांनी स्वतःच्या हातानं स्वतःला टोचून घ्यावं लागतं, त्यांनाच अशा जागेची किंमत कळेल. ही जागा माझी फार लाडकी होती. तिच्यापायी माझ्या सासूनं जवळजवळ वर्षभर गोडाला तोंड लावलं नाही. मला ते रोज दिसत होतं, तरी मी ती जागा सोडत नव्हते.

मध्यंतरी दवाखान्यात एका मुलीची आई भेटली. मुलीला इन्शुलिनचा नवा पंप बसवायचा होता. बाईनं विचारलं, "ताई, तुम्ही कुठं लावता ओ?" मी शहाण्यासारखं सांगितलं, जागा बदलत राहायची, पोट, मांडी, कमरेची मागची बाजू. सांगताना आत काहीतरी टोचत होतं. तिला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते आहे.

शिरूरची भेळ

मला टाइप वन डायबेटिस आहे. कळलं तेव्हा मी शिरूरला कॉलेजात होते. पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवायचे आणि तरी घसा कोरडा. कपडे ढिले व्हायला लागले तर मैत्रिणी म्हणायच्या, काय मस्त बारीक झालीस. मीही खूश होते. मग एक दिवस लेक्चर चालू असतानाच बाकावर मान टाकली.

डॉक्टरांनी सांगितलं की आता इन्शुलिन आयुष्यभर. वडिलांनी विचारलं, "गोळीनं न्हाई का व्हणार?" डॉक्टर नाही म्हणाले. आम्ही एसटी स्टँडवर आलो. शिरूरला आलं की वडील मला नेहमी भेळ घेऊन द्यायचे. त्या दिवशी ते भेळवाल्यासमोर उभे राहिले, खिशात हात घातला, आणि मला म्हणाले, "तू बस हितं. तुला भेळ चालती का, तेवढं इचारून येतो." आणि ते तसेच उन्हात दवाखान्यापर्यंत परत चालत गेले. भेळ चालते असं कळलं. ती भेळ मला अजून आठवते, कारण खाताना मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यामुळं माणसांना हेलपाटे पडणार आहेत. ते वाटणं पुढं कधी गेलंच नाही.

दोन पंप, आणि तिसरा

लग्न ठरताना आम्ही काही लपवलं नाही. माझं सासर दौंडजवळ, भीमेच्या कडेला. झेंडू, शेवंती, थोडा ऊस. नवरा संदीप रांजणगावला कंपनीत आणि मी कुरकुंभला औषधांच्या कंपनीत, पॅकिंगला. दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्या डब्यात भरायच्या आणि घरी आलं की स्वतःची सुई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, त्यामुळं मळा आणि घर दोन्ही आत्यांच्याच तालावर चालतं.

दोन वर्षांपूर्वी पंप बसवला. मोबाइलएवढं यंत्र कमरेला असतं, त्यातून एक नळी निघते, आणि नळीच्या टोकाला कातडीखाली जाणारी मऊ, बारीक प्लास्टिकची काडी असते. तिला कॅन्युला म्हणतात. इन्शुलिन दिवसभर थेंबथेंब जात राहतं. काडी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची, आणि प्रत्येक वेळी नव्या जागी घालायची. नियम एवढाच. आत्यांनी पंप हातात घेऊन वजन बघितलं आणि शेजारणीला सांगून आल्या, "आमच्यात एक पंप हिरीवर, एक फवारनीचा, आन् आता एक सुनंच्या कमरंला."

पहिले काही महिने मी नियम पाळला. मग एकदा मांडीला लावताना काडी कुठंतरी भलतीकडं घुसली, नळीत रक्त आलं, आणि मी ओरडले. पुढची पूर्ण शिफ्ट लंगडत काढली. त्यानंतर सबबी सुचायला लागल्या. उजवीकडं सलवारीची गाठ येते. कमरेच्या मागं लावलं तर कंपनीच्या बसच्या सीटला घासतं. दंडाच्या मागं हात पोचत नाही. संदीप म्हणायचा, "मी लावून देतो की." मी म्हणायचे, तू उद्यापासून लाव. तो उद्या कधी उगवला नाही. डावीकडची जागा तेवढी गुणाची होती, कधी कुरकुर नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

नवस

गेल्या वर्षी ऊसतोड चालू असताना मला उलट्या सुरू झाल्या. काहीतरी बाधलं म्हणून मी ओवा खाल्ला, लिंबूपाणी प्यायले. संध्याकाळपर्यंत श्वास फुलायला लागला तेव्हा संदीपनं गाडी काढली. दौंडच्या दवाखान्यात कळलं की शुगर आभाळाला टेकली आहे. काडी आत दुमडली होती, आणि जे थोडं इन्शुलिन जात होतं तेही अंगात भिनत नव्हतं.

आयसीयूत दिवस आणि रात्र वेगळे कळत नाहीत. बोटाला टोचायला येणारी नर्स, बाटली बदलणारी नर्स, फरशी पुसणाऱ्या मावशी, परत बोट. शेजारच्या कॉटवरचे आजोबा सारखे विचारायचे, "दौंड आलं का?" त्यांना ते रेल्वेत आहेत असं वाटायचं. मावशी दरवेळी सांगायच्या, "आलं, आबा, आलं. उतरायचं नाय अजून." आजोबा मग शांत व्हायचे. मला त्या उत्तराचा फार आधार वाटला.

आत्या बाहेर बाकड्यावर बसून असायच्या. मला वॉर्डात हलवलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना अडवलं. "साहेब, शुगर किती पायजे हिची?"

"तीन महिन्यांच्या सरासरीची एक टेस्ट असते, आजी. ती सातच्या आत आली तर बरं."

"आता किती हाय?"

"दहाच्या वर."

आत्यांनी मान हलवली, पदर नीट केला, माझ्या पायाशी उभ्या राहिल्या आणि हात जोडून देवीला म्हणाल्या, "आई, हिची शुगर सातच्या आत येस्तोवर म्या गोड तोंडात घालनार न्हाई."

आमच्या आत्यांना गोड किती लागतं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. गुऱ्हाळ सुरू झालं की गरम काकवीसाठी त्या वाटी घेऊन जातात. चहात गूळ असा की चमचा उभा राहील. पुरणपोळीच्या दिवशी त्या भात खात नाहीत, जागा वाया जाते म्हणून. त्या बाईनं गोड सोडलं, माझ्यासाठी. मी कॉटवर पडून रडले. लोकांना वाटलं, सून हळवी आहे.

नर्सनं दाबून दाखवलं

घरी सोडायच्या दिवशी डायबेटिसची माहिती देणारी नर्स आली. तिनं माझं पोट बोटांनी चाचपलं आणि डावीकडं थांबली. "ताई, हे बघा. हात ठेवा इथं. आता उजवीकडं ठेवा."

डावीकडं कातडीखाली मऊ, फुगीर गादी झाली होती. मी रोज आंघोळ करते, पण कधी लक्षात आलं नव्हतं.

"एकाच जागी टोचून टोचून चरबीची गाठ झालीय. म्हणून दुखत नाही. पण इन्शुलिन इथं नीट भिनत नाही, कधी जातं, कधी अडकतं. ही जागा काही महिने बंद. आणि नव्या जागी लावाल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्या. तिथं ते पुरतं लागू पडेल, शुगर एकदम खाली येईल."

मी सगळ्याला हो म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. घरी आल्यावर दोनदा उजवीकडं लावलं, दुखलं, रात्री कुशीवर वळताना दुखलं. कामावर जायला लागले आणि परत डावीकडं. फक्त या वेळी मला माहीत होतं.

पदराची गाठ

नवस आत्यांनी गावभर केला नाही, पण लपवलाही नाही. संक्रांतीला बाया तिळगूळ द्यायच्या, आत्या घ्यायच्या, "गोड बोला" म्हणायच्या आणि वडी पदराच्या टोकाला बांधायच्या. संध्याकाळी गाठ सोडून सगळ्या वड्या संदीपपुढं ठेवायच्या. चहा बिनगुळाचा. पहिला घोट घेताना त्यांचा चेहरा अजून आक्रसतो, आजही.

सगळ्यात वाईट शिरूरचं लग्न. आत्यांच्या भावाच्या मुलीचं. पंगतीत गरम जिलबी आली. आत्यांनी ताटावर हात आडवा धरला. भाऊ धावत आले. "आक्का, माझ्या लेकीचं लगीन हाय, आन् तू गोड न्हाई घेनार?"

"सोडलंय रं."

"कशापायी?"

आत्यांनी माझ्याकडं हात केला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिच्या शुगरपायी. सून न्हाई, लेक हाय माझी."

बाया माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. नशीब काढलंस गं, अशी सासू मिळाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं की साडीतून सगळ्यांना ती गादी दिसते आहे, आणि तिच्यात सकाळीच खुपसलेली काडी. मी जिलबी घेतली नाही. आत्या म्हणाल्या, "तू घे की, पंपातून वाढवून घे इन्शुलिन. तुला चालतंय." ते खरंच चालतं. म्हणजे आजार मला, पंप मला, जिलबी मला चालते, आणि जिला काही झालेलं नाही ती बाई वरण-भातावर उठते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि रामेश्वरीला मीच काडी लावत होते.

लोक विचारतील, एवढं वाटत होतं तर जागा का बदलली नाही? मी स्वतःला हेच विचारायचे. उत्तर लाजिरवाणं आहे. मला दुखणं नको होतं. सतत टोचून घेणाऱ्या माणसाला एक टोचणी चुकली तरी सुटल्यासारखं वाटतं. अपराधी वाटणं मी सहन करू शकत होते, त्याची सवय मला भेळेपासून होती.

आला का सात?

पुढची टेस्ट दौंडच्या लॅबमध्ये केली. आत्या सोबत आल्या, मी नको म्हणत असतानाही. मी कागद घेऊन बाहेर आले.

"आला का सात?"

"नाही, आत्या. नऊच्या जवळ आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "चल, च्या घिऊ."

टपरीवर त्यांनी बिनसाखरेचा सांगितला. टपरीवाल्यानं विसरून नेहमीचा दिला. आत्यांनी कप तोंडाजवळ नेला, वासानंच ओळखलं. क्षणभर तसाच धरला. मी बघत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो तू घे. मला दुसरा दे म्हनावं."

मला ते सोसलं नाही. तिथंच बाकड्यावर, ट्रकांच्या आवाजात, मी सगळं सांगितलं. गाठ, नर्स काय म्हणाली ते, आणि मी काय करत होते ते. "देवी काय करणार, आत्या? मीच होऊ देत नाही."

आत्या माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "कुठं हाय गाठ?" मी त्यांचा हात ओढणीखाली नेऊन ठेवला. त्यांनी दाबून बघितलं.

"हितं व्हय?"

"हो."

"आन् मी जिलबी सोडली गं!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की टपरीवाला वळून बघायला लागला. "भावाच्या दारची, गरम जिलबी!"

घरी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दोन दिवस भांडी आदळली. मला बरं वाटलं, खरं सांगते. कुणीतरी माझ्यावर रागावायची गरज होती, आणि आजारी माणसावर कुणी रागावत नाही.

तिसऱ्या दिवशी त्या केसांना लावायची मेंदी कालवून घेऊन आल्या. "झोप हितं. पोट उघडं कर." मी झोपले. त्यांनी गाठीवर मेंदीची ठसठशीत फुली काढली. "म्या गोड सोडलं. तू ही जागा सोड. सोडायचं म्हंजी आवडतीच वस्तू सोडायची आसती. न आवडनारी काय, कुनी बी सोडतंय."

झेंडूच्या वाफ्यात

त्या दिवशी मी काडी उजव्या मांडीला लावली. दुखलं. आत्यांनी हात धरला होता. आणि इथं मी ती चूक केली, जी तुम्ही करू नका म्हणून हे लिहिते आहे. जागा बदलली, डोस तोच ठेवला. नर्सनं बजावलेलं मी पार विसरले होते. वर्षभर गाठीत अर्धंअधिक अडकणारं इन्शुलिन आता सगळंच्या सगळं अंगात उतरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून सकाळी आत्यांबरोबर झेंडू तोडायला गेले. थोड्या वेळानं फुलं दोन-दोन दिसायला लागली. अंगाला घाम, हात थरथर. मी वाफ्यातच बसले. शुगर खाली गेली की माझा हट्टी स्वभाव शंभरपट होतो. आत्या बांधावरच्या न्याहारीच्या फडक्यातून गुळाचा खडा घेऊन धावत आल्या, तो संदीपसाठी आणलेला होता. मी तोंड मिटून घेतलं.

"खा, वैशाली. खा गं."

"तुम्ही आधी घ्या." हे मला आठवतं. मी लहान पोरीसारखी मान हलवत होते. "तुम्ही सोडलंय. तुम्ही नाही तर मी नाही."

"आगं पर..."

"तुम्ही आधी."

आत्यांनी खड्याचा तुकडा दातानं तोडला, मला दाखवत चावला, आणि उरलेला माझ्या तोंडात कोंबला. मग पदरानं माझा घाम पुसत, "चाव, चाव" म्हणत बसल्या. डोळ्यांपुढचं सगळं हळूहळू जाग्यावर आलं. झेंडू एकेकटे दिसायला लागले. मला आधी तोंडातला गूळ कळला. मग आत्यांच्या ओठाला लागलेला कण दिसला.

मी हंबरडा फोडला. "आत्या, तुमचं मोडलं. एवढं पाळलेलं माझ्यामुळं मोडलं."

आत्यांना आधी कळेचना मी काय म्हणते ते. मग त्यांनी ओठाला बोट लावून बघितलं.

"गूळ व्हता व्हय त्यो?" त्या म्हणाल्या. "मला चवच न्हाई लागली."

संध्याकाळी फोन करून डॉक्टरांकडून डोस कमी करून घेतला. नर्सनं चांगलं फैलावर घेतलं. गुळापेक्षा ग्लुकोज लवकर लागू पडतं, ते जवळ का नव्हतं, आणि आधी का विचारलं नाही. संदीपनं दुसऱ्याच दिवशी ग्लुकोजच्या पुड्या आणल्या, एक मळ्यात, एक माझ्या डब्याच्या पिशवीत. दंडाच्या मागची जागा आता त्याची आहे. लावताना तोच डोळे मिटतो, म्हणून मला उघडे ठेवावे लागतात.

पॉइंट एक

मेंदी आठवड्याभरात उडाली. आत्यांनी परत काढली. आता दर थोड्या दिवसांनी काढतात. गादी पूर्ण गेली नाही, पण खाली बसत चालली आहे. कधीकधी थकून घरी आले की बोटं आपोआप तिकडं जातात. फुली दिसते आणि मी हात मागं घेते. कधी फुली पुसट झालेली असते, तेव्हा कठीण जातं.

परवा परत टेस्ट झाली. आत्या लॅबच्या पायरीवर बसल्या होत्या. या वेळी पिशवीत पेढ्यांचा पुडा होता, मला न सांगता आणलेला. मला तो दिसला, आणि हातातल्या कागदाचं ओझं झालं.

"आला का सात?"

खोटं बोलायचं मनात आलं. त्यांना कागद वाचता येत नाही. एक शब्द बोलले असते तर पुडा उघडला असता. वर्षभरानं त्यांनी पेढा खाल्ला असता आणि मी समोर बसून बघितलं असतं. पण त्यांच्यापुढं परत ओठात एक आणि पोटात एक मला नको होतं.

"सात पॉइंट एक आलाय, आत्या. सातच्या आत पाहिजे होता."

"पॉइंट एक म्हंजी किती?"

"थोडंसंच. अगदी थोडंसं."

आत्यांनी पुडा परत पिशवीत सारला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मग थोडंसंच थांबू की," त्या म्हणाल्या.

टपरीवर आम्ही दोघींनी बिनसाखरेचा चहा घेतला. घरी आल्यावर काडी बदलायची होती. मी उजवीकडं लावली. दुखलं.